कडीवरची फळी

छताला फळ्यांची तक्तपोशी ठोकताना तुळईतली पाळण्याची कडीही फळीखाली झाकायला मीच सांगितलं. मला छत गुळगुळीत हवं होतं.

भोकरदनचा तो मिस्त्री कधी वाद घालत नसे. काहीही सांगा, तोंडात खिळे धरून, वर बघत म्हणणार, "बराबर, मालक." तेव्हाही तेच म्हणाला. केवढा आज्ञाधारक माणूस, असं मी गावभर सांगितलं.

लेक पहिल्या बाळंतपणाला आली. बारशाच्या सकाळी पाळणा तयार, पण टांगायला कडीच नाही! मिस्त्रीला बोलावलं. त्यानं काठीनं एक फळी सहज बाजूला सरकवली, आणि कडी उघडी पडली. तिला खिळा मारलेलाच नव्हता, नुसती खाचेत बसवली होती.

"अरे, कडी झाक म्हणालो होतो ना?"

"बराबर, मालक."

त्याच्या होकाराची मला तेव्हापासून जरा भीतीच वाटते.

बायको म्हणाली, "अवो, त्यानं तुमचं ऐकलं असतं, तर लेकराला खुंटीला टांगावं लागलं असतं!"