अकोला-पातूर अपडाऊन आणि आमची एकेक लेकरं

अकोल्याहून पातूरला रोज अपडाऊन करणाऱ्या आम्ही तिघी शिक्षिका. एसटीत तीन जणांची एक सीट आमची ठरलेली. एवढी वर्षं शेजारी बसल्यावर किस्से साचणारच! आता तिघी रिटायर झालो, तरी ती सीट आठवते. गंमत बघा, लेकरं जास्त हवी होती तिघींनाही. झालं एकेकच!

मंगला आमच्यात धाकटी. बाळंतपणाची रजा संपली, तसं तिनं बाळाला तेल्हाऱ्याला आईकडे ठेवलं. शनिवारी भेटायला जायची. पोरगा आजीलाच 'आई' म्हणे. एकदा ही दारात पोचली, तर तो टाळ्या पिटत ओरडला, "मॅडम आली!" शेजारीपाजारी म्हणायचे, तेच त्यानं उचललं. सोमवारी पातूर येईपर्यंत मंगला रडली.

पुढं कोणी दुसऱ्या लेकराचा विषय काढला की म्हणायची, "पहिल्यालेच अजून सांगून राहिली, बाप्पा, मी तुही माय हाये म्हणून!"

नलूताई सगळ्यांत मोठ्या. त्यांना एक मुलगी. दुसरीही मुलगीच हवी होती, दोघी मिळून खेळतील म्हणून. सासूबाईंनी बजावलं, "पुन्हा पोरगी झाली तं माहेरीच राह्य!" नलूताई म्हणाल्या, "मंग एकीलेच घेऊन इथं राहीन!"

राहिल्या. पण बाजारात फ्रॉक आवडला की दोन घ्यायच्या, दुसरा मोठ्या मापाचा. "वाढतं अंग हाये," म्हणायच्या.

माझं म्हणाल, तर आमचे हे अमरावतीला नोकरीला. रविवारी यायचे. रविवार दळणात, धुण्यात आणि मुलाच्या अभ्यासात जायचा. डॉक्टरबाईंनी विचारलं, "दुसऱ्यासाठी अडचण काय आहे?"

"यांची बदली!" मी म्हटलं. डॉक्टरबाई आणि मी, दोघी खूप हसलो. अकोल्याला बदली झाली, तेव्हा मुलगा बारावीला होता.

आणि हा किस्सा मंगलाचाच. ती पहिलीला शिकवायची. एका चिमुरडीला वर्गातच ताप भरला. मायबाप कापूस वेचायला गेलेले. निरोप धाडला, पण कोणी येईपर्यंत मंगला तिला मांडीवर घेऊन, थोपटत वर्गाकडून पाढे म्हणवून घेत होती. तेवढ्यात तपासणीचे साहेब आले. दारातूनच कडाडले, "मॅडम, घरचं लेकरू शाळेत आणता?"

अख्खा वर्ग ताडकन उभा राहिला. मंगला मात्र उठली नाही. ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू बोला, साहेब. आत्ताच डोळा लागला तिचा."