तोरिबियाचा न सडणारा मका

तोरिबिया सालेस बाजारात मिरच्यांपुढे उभी राहिली की मिरचीवाली आधीच भाव उतरवून सांगते. घासाघिशीत तिचा हात धरणारं कोणी आमच्या तुइशोक गावात अजून जन्माला आलेलं नाही. मक्याच्या कणसाचंही तेच. सालं न काढता नुसतं दाबून आत दाणा आहे की बुरशी हे ती सांगते, आणि सांगताना समोरच्याच्या आळशीपणाचा उद्धार करायला विसरत नाही. एवढ्या उंच डोंगरात राहणारी माणसं बोलायला जरा आखडती असतात. तोरिबियाच्या वाट्याला सगळ्यांचं उरलेलं बोलणं आलं आहे. अशा बाईला तिच्याच घरात, तिच्याच चुलीवर, वर्षानुवर्षं फसवलं गेलं आणि तिला वाससुद्धा आला नाही.

तिच्या तोंडाला त्याआधी एकदाच कुलूप लागलं होतं. एका वर्षी पाऊस हटायलाच तयार नव्हता आणि गावातल्या सगळ्या कणसांच्या शेंड्यांवर गुलाबी बुरशी चढली. एरवी बायका अशी कणसं निवडून बाजूला टाकतात. त्या वर्षी निवडायला बसलं असतं तर पातेल्यात घालायला काही उरलंच नसतं. तोरिबिया पोटुशी होती आणि जे होतं ते तिने खाल्लं. मुलगा झाला तो डोक्यामागचं हाड न जुळलेला. तो संध्याकाळपर्यंतही राहिला नाही. पाद्रीबाबा डोंगर चढून येईपर्यंत तिच्या नवऱ्याने, गास्पारने, स्वतः खड्डा खणून त्याला आत ठेवलं होतं.

आरोग्य केंद्रातल्या नर्सने तिला शांतपणे समजावलं. एका मुलाचं कारण असं बोट ठेवून सांगता येत नाही, पण त्या बुरशीत एक विष असतं, ते डोळ्यांना दिसत नाही, आणि मका चुन्याच्या पाण्यात शिजवला तरी ते सगळं जात नाही. पोटातल्या बाळांना त्याने धोका होतो म्हणतात. तोरिबियाने त्यातलं 'म्हणतात' तेवढं ऐकलं नाही. घरी आली ती गप्प झाली. गास्पार बोलायचा, मुलगी कातारिना बोलायची, आणि ही तव्याकडे बघत बसायची.

तिला पुन्हा बोलती केली ती ओदिलियाने. ओदिलिया शहरातून येणारी शेतकीची इंजिनियर, आमच्याच पिवळ्या मक्यातून न सडणारं बियाणं काढायच्या मागे लागलेली. तिची रीत ऐकून पहिल्यांदा सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. न सडणारं कणीस ओळखायचं तर आधी प्रत्येक कणसाला सडायची संधी द्यायला हवी, असं ती म्हणायची. त्यासाठी ती डबा भरून दात कोरायच्या काड्या आणायची, बुरशीत मुरवलेल्या. कणसाला केस फुटले की शेंड्यातून एकेक काडी आत खुपसायची. पिकल्यावर कणसं सोलायची, आणि काडी पोटात घेऊनही जे स्वच्छ राहिलं त्याचंच बी पुढच्या वर्षी पेरायचं. शेजारी, ताडून बघायला, बियाणं विकणाऱ्या कंपनीच्या मक्याच्या ओळी. त्यांनाही तसल्याच काड्या. आणि तिचा एक नियम होता: जो टोचेल त्याने निवडायचं नाही, जो निवडेल त्याने टोचायचं नाही. म्हणजे हाताला लाडकं-दोडकं कळत नाही.

तोरिबियाने तिला ओढ्याकाठचं आपलं सगळ्यात चांगलं शेत दिलं. निवडायचं काम तिने स्वतःकडे ठेवलं आणि टोचायचं गास्पारवर सोपवलं.

गावाने नावं ठेवायची ती ठेवलीच. आमच्याकडे अंगणात सांडलेला मक्याचा दाणासुद्धा कोणी ओलांडून जात नाही, वाकून उचलतं. पेरणीआधी शेताच्या चारी कोपऱ्यांत मेणबत्त्या लावून धूप जाळतात आणि मक्याशी बोलतात. त्याला जाणूनबुजून रोग लावायचा म्हणजे काय! शिवाय दाणा भरला की आम्ही धाट मधून मोडून कणीस खाली तोंड करून लटकवतो, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. ओदिलियाच्या ओळींना तेही करायचं नव्हतं. उभी भिजणारी धाटं बघून जाणारायेणारा विचारायचा, हात मोडले का गं तुझे? तोरिबिया काय ते उत्तर द्यायचीच. गास्पार मात्र मान खाली घालून, डबा काखेत मारून, मुकाट शेताकडे जायचा. त्याच्या त्या मुकाट जाण्याचं तिला फार अप्रूप होतं. सारा गाव एका बाजूला आणि माझा माणूस माझ्या बाजूला, असं ती मनात म्हणायची.

पहिल्याच सुगीला कंपनीचा मका शेंड्यापासून गुलाबी निघाला आणि तोरिबियाचा पिवळा, ओळीमागून ओळ, सोन्यासारखा. ती अंगणात सालांच्या ढिगात बसून हसायला लागली. बाळ गेल्यापासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्याही वर्षी तेच. ओदिलिया जरा बिचकायची, इतकं लवकर होत नसतं म्हणायची, पण काडी तर प्रत्येक कणसात रुतलेली दिसायची. तोरिबिया बी वाटू लागली. गावातल्या गर्भार बायकांना बोलावून ओंजळी भरून द्यायची आणि बजावायची, हा पेर, हा खा, निवडत बसायची गरज नाही. कातारिनाचं लग्न होऊन ती ओढ्यापलीकडे गेली तेव्हा आईने तिची कणगी स्वतःच्या हाताने भरली. यंदा कातारिनाला दिवस गेले, तेव्हा तर तोरिबियाने निवांत श्वास घेतला. आपल्या पोरीच्या पोटातलं बाळ आपण आधीच वाचवून ठेवलं आहे, अशी तिची खात्री होती.

आणि यंदाच गास्पार छपराचा पत्रा ठोकताना खाली पडला आणि त्याचा पाय मोडला. कणसांना केस फुटले होते. खाटेवर पडल्या पडल्या त्याने फार धडपड केली. डबा रात्रभर चुलीजवळ राहू दे म्हणाला, मला उचलून शेतात न्या म्हणाला, बसल्या बसल्या टोचतो म्हणाला. तोरिबियाला त्याच्या जिद्दीचं कौतुक वाटलं. ओदिलियाने काही ऐकलं नाही; तिने डबा उघडला आणि सगळ्या ओळी त्याच दिवशी स्वतः टोचून टाकल्या.

सुगीला तोरिबियाने पहिलं कणीस सोललं, ते गुलाबी. दुसरं तसंच. पुढे ती मोजायची थांबली आणि नुसती सोलत सुटली. तिचा पिवळा मका कंपनीच्या मक्याइतकाच सडला होता, तसूभरही कमी नाही.

ओदिलिया बराच वेळ ओळींमधून फिरली. मग तोरिबियाजवळ उकिडवी बसली आणि खाली बघत म्हणाली, "तोरिबियाबाई, राग मानू नका. इतकी वर्षं काड्या नीट टोचल्या जात होत्या ना?"

"माझ्या नवऱ्याने टोचल्या," तोरिबिया म्हणाली. "त्याच्यावर संशय घ्यायचा असेल तर आधी माझ्यावर घे."

तोरिबिया घरी आली ती ओदिलियावर फणफणतच. गास्पार चुलीजवळ मोडका पाय लांब करून कॉफी पीत होता. तिने त्याला हा किस्सा गंमत म्हणूनच सांगितला, बघ शिकलेल्यांच्या डोक्यात काय काय येतं ते. तो हसेल म्हणून थांबली. गास्पार कपात बघत राहिला.

"गास्पार, माझ्याकडे बघ."

त्याने बघितलं नाही, पण बोलला. "काड्या मी चुन्याच्या उकळत्या पाण्यातून काढायचो. आपल्या ओळींच्या तेवढ्या. मग टोचायचो."

मका शिजवायच्या पातेल्यातलं पाणी. त्यात कुठली बुरशी जगते? तोरिबिया भिंतीला टेकून खाली बसली.

"चारी कोपऱ्यांत मेणबत्त्या लावायच्या," गास्पार म्हणाला, "त्याला म्हणायचं, वाढ बाबा, आमच्या पोरांच्या पोटात ये. आणि त्याच हाताने त्याला विष टोचायचं? मला नाही जमलं."

"आणि कंपनीच्या मक्याला बरं जमलं?"

"तो कुठे आपल्या ओळखीचा होता."

दुसऱ्या कोणाच्या घरी हे ऐकलं असतं तर तोरिबिया पोट धरून हसली असती. तिने विचारलं, पहिल्याच वर्षी का नाही सांगितलंस? सांगणार होतो, तो म्हणाला. पण तू अंगणात बसून हसत होतीस.

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"दुसऱ्या वर्षी तू जास्तच हसलीस."

केसाने गळा कापणारा माणूस निदान परका तरी असावा. हा तिच्याच शेजारी झोपत होता. ती उद्याच्या बियाण्याबद्दल बडबडायची तेव्हा अंधारात हुं हुं करत होता. शेजारणींना ओंजळी भरून देताना हाच पोत्याचं तोंड धरून उभा राहायचा. त्याच्या हातांनी खड्डा खणला होता म्हणून तिला वाटलं होतं की त्या मुलाचं दुःख दोघांचं एकच आहे. आता कळलं की तो आपला मक्याची बाजू घेऊन बसला होता, आणि पोराला खेळणं द्यावं तसं तिला हसू देत होता.

मग तिला कातारिना आठवली आणि ती ताडकन उठली. यंदा पाऊस लांबला होता. ओढ्यापलीकडचं शेत तोरिबियाच्याच बियाण्याचं, कणगी त्याच मक्याने भरलेली, आणि निवडू नको असं पोरीला तिनेच शपथेवर सांगितलं होतं.

"जाऊ नकोस," गास्पार म्हणाला. "गावात तुझं नाव आहे. बी काही वाईट नाही, आपलंच जुनं आहे. हळूहळू सांगू."

तिने शाल घेतली आणि ओढ्याकडे निघाली.

कातारिना चुलीपाशी तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, थापत होती, पोट आता चांगलं दिसायला लागलं होतं. तिची सासू दारात कणसं निवडत होती. तोरिबियाने बसायचीही वाट पाहिली नाही. माझ्या कणगीतला एक दाणा खाऊ नकोस, तो मका सडतो, मी फसले, असं तिने दारातूनच सांगून टाकलं. कातारिनाचे हात थांबले नाहीत.

"आई, बस आधी. तुझा मका मी खातच नाही."

"म्हणजे?"

"डुकरांना घालते. आम्ही खातो तो सासूबाईंचा. रोज निवडून घेतो."

तोरिबिया खाली बसली. बाळाला काही नाही, एवढंच आधी तिच्या मनात शिरलं, आणि डोळे भरून आले. दुसरी गोष्ट शिरायला जरा वेळ लागला.

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायचं कशाला? लग्नाआधी, तू बाजाराला गेलीस की काड्या पाण्यात मीच टाकायचे. बाबा आणून द्यायचे." कातारिनाने तोर्तिया उलटली. "तू बोलायला लागली होतीस गं. मला पुन्हा ती गप्प आई नको होती."

तोरिबियाला या चुलीपाशी जेवलेले सगळे दिवस आठवले. दर वेळी पहिला घास घेऊन ती म्हणायची, बघा, माझ्या मक्याची चव कशी वेगळी लागते. आणि कातारिना म्हणायची, हो ना आई. सासूही मान डोलवायची. तिने दाराकडे पाहिलं. सासूने चटकन तोंड फिरवलं आणि टोपलीत काहीतरी शोधायला लागली.

कातारिनाने गरम तोर्तिया फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिली. तोरिबियाने ती तशीच धरून ठेवली. बाळ वाचलं होतं. तिच्या कष्टाने नव्हे, तिच्या शब्दाने नव्हे. तिच्या माणसांपैकी कोणीही तिच्या मक्यावर कधी विश्वास ठेवला नव्हता, म्हणून वाचलं होतं.