मागच्या सीटवरचं वासरू

माझ्या वडिलांची, अण्णांची, छोटी विलायती मोटार शेवटी विकायला काढली. काल लातूरहून एक मास्तर बघायला आले. मी दार उघडलं आणि तापलेल्या रेक्झिनच्या वासानं मला देवणीच्या रस्त्यावर नेऊन सोडलं.

अण्णा गाडीला लई जपत. चपला काढून हातात घेतल्याशिवाय ते कुणाला आत बसू देत नसत. पण त्या दुपारी आमच्या वासराचं पोट फुगून नगारा झालं, आणि अण्णांनीच चिखलाच्या पायांनी त्याला मागच्या सीटवर माझ्याशेजारी ठेवलं.

"खाली पोतं तरी टाका," आई म्हणाली.

"राहू दे, उशीर व्हायलाय."

उदगीरच्या गुरांच्या दवाखान्याकडे निघालो. वाटेत गाडी खड्ड्यात आदळली आणि वासरानं सगळी सीट शेणानं भरवली. मी भीत भीत अण्णांकडे पाहिलं. त्यांनी गाडी थांबवली, उतरलेल्या पोटावरून हात फिरवला, "सुटलं बिचारं," म्हणाले आणि डोळे पुसले. तेव्हा मला वाटलं, ते सीटसाठी रडतायत.

गाडी परक्या हाती जाणार म्हणून आठवडाभर जिवाला घोर होता. मास्तर आत बसायला वाकले, थांबले, आणि कुणी न सांगता त्यांनी चपला काढून हातात घेतल्या.

मी किल्ली दिली.