गिनती सातची

सकाळी सव्वासहाला गंगापूर रोडवर फिरायला निघालो आणि एक नाव आठवेना. शिपाई गावित. आडनाव आठवत होतं, पहिलं नाव गायब. मागे चष्मा फ्रिजमध्ये सापडला तेव्हा बायकोबरोबर मीही हसलो होतो. शेजारच्या बिल्डिंगचा जिना चढून भलत्याच दाराची बेल दाबली, तेव्हाही हसलो. या वेळी मात्र हसू आलं नाही. तासाभराने, दूध घेताना, यशवंत आठवलं. पिशवी काउंटरवरच विसरून घरी आलो.

"कळवणला जातो. सुभेदारसाहेबांकडं," मी म्हणालो.

"आजच? आणि दूध कुठंय?"

"आजच."

बेचाळीस वर्षं एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. ती सांगायची तर आधी मला आठवायला हवी ना! डोकं असंच दगा देत राहिलं तर कधी सांगणार?

तेव्हा मी चोवीस वर्षांचा लान्स नाईक होतो. पोस्ट उंचावर, बारा महिने बर्फ. आमचे सुभेदार शेवाळे कळवणचे, चव्वेचाळीस वर्षांचे. आम्ही पाठीमागे त्यांना म्हातारा म्हणायचो. ओले मोजे शर्टाच्या आत, पोटाला लावून वाळवा. तहान लागायच्या आधी पाणी प्या. त्यांचं हे सगळं आम्हाला कटकट वाटायचं. सगळ्यात मोठी कटकट गिनतीची. एका ओळीत चालताना दर पन्नास पावलांवर साहेब पुढून ओरडायचे, "एक!" मग मागे दोन, तीन, शेवटच्या माणसापर्यंत. गिनती पूर्ण झाली की "चलो". नाही झाली तर "रुको".

त्या दिवशी आम्ही सात जण होतो. १३.२० ला पोस्टकडे परत निघालो. मी सहावा, यशवंत सातवा. सुरगाण्याकडचा पोरगा, आठवडाभर खोकत होता. ओरडलं की त्याला उबळ यायची.

"तू नको ओरडू. तुझा नंबर मी देतो," मी म्हणालो.

"लय उपकार, दादा," तो म्हणाला.

१४.०० ला वारा सुटला आणि समोरचं दिसेनासं झालं. त्यानंतरच्या पहिल्या दोन गिनत्यांना मी मागे वळून त्याला पाहिलं आणि मग सात म्हणालो. तिसऱ्या वेळी वळलो नाही. मान वळवली की बर्फ कॉलरमध्ये शिरत होता. एवढंच कारण. पुढून "पाच" आलं. मी "सहा" म्हणालो, लगेच "सात" म्हणालो.

"चलो!"

चौथ्या वेळी वळलो तेव्हा मागे कोणी नव्हतं. वेळ १४.२५. साहेबांनी रेडिओवर कळवलं, "एक जवान लापता. शोध घेतोय, ओव्हर." १६.१० ला यशवंत सापडला. वाटेच्या खाली, बसलेला. गेलेला होता. चौकशीत मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, तिसऱ्या गिनतीला सात ऐकू आलं होतं. ते खोटंही नव्हतं. हेच तर मला आजवर खात आलं.

कळवणला पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. साहेब पडवीत खुर्चीवर, वय शहाऐंशी. मी सॅल्यूट केला.

"कोन शे?" त्यांनी सुनेला विचारलं.

मी नाव सांगितलं. चहा आला. त्यांनी परत विचारलं, मी परत सांगितलं.

"बाबांना सकाळी जेवल्यालं दुपारी ध्यानात राहत नाय, काका. वाईट नका वाटून घेऊ," सून म्हणाली.

मी मनात म्हटलं, आता कोणाला सांगू? तरी आलोच होतो. खुर्चीजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. खोकला, कॉलरमधला बर्फ, तिसरी गिनती. सहासष्टाव्या वर्षी हमसून हमसून रडलो, लाज नाही वाटली.

साहेब म्हणाले, "सहा, सात, दोन्ही आवाज तुझेच होते. ऐकलं होतं मी."

"साहेब?"

"थांबलो असतो तर सगळे गारठले असते, असं वाटलं. चलो म्हणालो."

हे खरं? की रडणाऱ्या पोराच्या पाठीवरचं अर्धं ओझं म्हाताऱ्याने उचललं? विचारणार, तेवढ्यात ते म्हणाले, "गाव कुठलं तुमचं?" ज्यांना माझं नाव धरून ठेवता येत नाही, त्यांना माझा तेव्हाचा आवाज कसा आठवेल? आणि आठवत नसेल, तर हे सुचलं कुठून?

चारच्या एसटीसाठी उठलो. चपला घालत होतो तेव्हा मागून आवाज आला.

"एक."

"रोजचंच हाय," सून म्हणाली. "सहापर्यंत मोजतात आन् थांबतात. आम्हाला वाटतं, पुढचं इसरले."

"दोन. तीन. चार. पाच. सहा."

साहेब थांबले. माझ्याकडे बघत होते. मी सावधानमध्ये उभा राहिलो. सात म्हणालो नाही.

"शिपाई यशवंत गावित, साहेब. मागे राहिला."

त्यांनी मान हलवली. हात वर केला.

"रुको," ते म्हणाले.

एसटी गेली. मी चपला काढल्या आणि त्यांच्याजवळ बसून राहिलो.