डिलक्स खोलीतली व्हिजिट

निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, तरी गल्लीत त्यांना सगळे कंडक्टरच म्हणायचे. उभं आयुष्य बसमध्ये उभ्यानं गेलेलं, त्यामुळे घरातही ते दाराच्या चौकटीला टेकूनच बोलत. माणूस दिलदार, पण तिकिटाच्या बाबतीत महाकडक. एकदा सख्ख्या सासऱ्यांनाच त्यांनी सुट्ट्या पैशांवरून भर रस्त्यात खाली उतरवलं होतं. तेव्हापासून सासुरवाडीला त्यांच्या वाट्याला अर्धाच कप चहा यायचा.

तर अशा या कंडक्टरच्या पित्ताशयात खडे झाले. ऑपरेशन ठरलं आणि सगळी सूत्रं जावयानं हाती घेतली. जावई नवा होता, हौशी होता.

"बाबा, खोलीचं माझ्यावर सोडा," असं म्हणून त्यानं परस्पर डिलक्स खोली घेऊन टाकली. एसी, टीव्ही, पडदे, शिवाय सोबतीच्या माणसाला ऐसपैस सोफा. कंडक्टर आधीच ऑपरेशनला घाबरलेले, त्यांनी मान डोलावली. पैसे मात्र मीच भरणार, एवढं त्यांनी बजावून ठेवलं.

ऑपरेशन सुखरूप पार पडलं. दुसऱ्या दिवशी नर्स म्हणाली, "काका, थोडं चालत जा." काका चालत चालत थेट बिलाच्या काउंटरवर पोचले.

काउंटरवरच्या मुलीनं आतापर्यंतचा आकडा सांगितला. कंडक्टरचे डोळे पांढरे झाले.

"खोली महाग आहे, ते समजलं," ते म्हणाले. "पण डॉक्टरांची फी एवढी कशी? माझ्या घराशेजारचे गृहस्थ इथंच जनरल वॉर्डात आहेत. त्यांचेही खडेच, तेही याच डॉक्टरांनी काढले. त्यांना निम्मी लागली."

"काका, खोलीचा वर्ग वाढला की डॉक्टरांची फीसुद्धा वाढते. ऑपरेशनची, भूल देणाऱ्यांची, रोजच्या व्हिजिटची. सगळीच."

"डॉक्टर वेगळे येतात का?"

"नाही हो, तेच."

"मग डिलक्समध्ये जास्त वेळ थांबतात?"

मुलगी प्रामाणिक होती. तिनं थोडा विचार केला. "तसं काही नाही. पण तिथं खुर्ची बरी आहे."

"अगं बाई, म्हणजे खिडकीजवळ बसलेल्या माणसानं ड्रायव्हरला दुप्पट पगार द्यायचा?"

मागे रांगेत उभे असलेले दोघं हसले. मुलीलाही हसू आवरेना. "नियम मी केलेला नाही काका," ती म्हणाली. "आणि जितके दिवस राहाल तितकं दोन्ही वाढत जाणार, खोलीही आणि व्हिजिटही."

ते ऐकून कंडक्टर तरातरा खोलीत आले. म्हणजे ऑपरेशन झालेला माणूस जेवढा तरातरा येऊ शकतो तेवढे. बायकोला म्हणाले, "डॉक्टर आले तर मी नाही म्हणून सांग."

"नाही म्हणजे? पेशंट कुठं गेला म्हणून सांगू?"

तेवढ्यात बाहेर बुटांचा आवाज आला. कंडक्टर पोट सांभाळत बाथरूममध्ये शिरले आणि आतून कडी लावून बसले.

डॉक्टर आले. पलंग रिकामा. बायकोनं बाथरूमच्या दाराकडे बोट दाखवलं. डॉक्टर दाराशी जाऊन म्हणाले, "काय काका, कसं वाटतंय?"

आतून सवयीनं उत्तर आलं, "बरं वाटतंय."

"गॅस गेला का?"

"गेला."

"छान!" डॉक्टर निघून गेले. व्हिजिट लागली.

आता मात्र कंडक्टर इरेला पेटले. पुन्हा खाली गेले आणि मला जनरल वॉर्डात हलवा म्हणून अडून बसले. मुलगी म्हणाली, ऑपरेशनची फी आता बदलायची नाही, पण इथून पुढच्या व्हिजिटा साध्या दरानं लागतील. चला, तेवढं तर तेवढं! कंडक्टरनी वॉर्डबॉयला बरोबर घेतलं आणि विजयी मुद्रेनं दार उघडलं.

बायको सोफ्यावर झोपली होती. अंगावर शाल, तोंड किंचित उघडं, एक हात खाली लोंबकळलेला. भर दुपारी! लग्नाला एवढी वर्षं झाली, पण दिवसाउजेडी झोपलेली बायको त्यांनी कधी पाहिली नव्हती. पहाटेच्या पाळीला त्यांचा डबा, मुलीची शाळा, सासूचं आजारपण, यातून ती पाठ टेकायची कधी, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

वॉर्डबॉय म्हणाला, "काका, सामान उचलू?"

"हळू बोल," कंडक्टर कुजबुजले. "राहू दे. इथंच ठीक आहे."

संध्याकाळी डॉक्टर पुन्हा आले तेव्हा कंडक्टर पलंगावर ताठ बसले होते. त्यांनी चांगली खुर्ची पुढं सरकवली.

"बसा डॉक्टर. निवांत बसा. फी डिलक्सची आहे, गप्पाही डिलक्स होऊ द्या. आणि जाता जाता हिचा गुडघा बघा. दोन वर्षं झाली, जिना उतरताना भिंत धरते."

"अहो!" बायको ओरडली. "पेशंट कोण आहे?"

डॉक्टर मोठ्यानं हसले. तरीही त्यांनी गुडघा वाकवून, दाबून नीट पाहिला, व्यायाम शिकवला आणि मांड्यांना ताकद हवी म्हणाले. आपली फी कुठल्या खोलीला किती, हे त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. "ते ऑफिस बघतं," एवढंच म्हणाले.

घरी जाताना जावयानं भीत भीत विचारलं, "बाबा, खोली आवडली ना?"

"खोली चांगली होती," कंडक्टर म्हणाले. "तुझ्या सासूला."

पुढच्या आठवड्यात टाके दाखवायला गेले, तेव्हा तपासणीला सगळ्यांना एकच फी होती. कंडक्टरनी ती काउंटरवर दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि गच्च भरलेल्या बाकाजवळ, भिंतीला टेकून, आपल्या नंबराची वाट बघत मजेत उभे राहिले.