दुसरा चालू कंप्युटर

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत विणल्या जाणाऱ्या कितीतरी चादरींवरची नक्षी माजिदाच्या हातची होती. कंप्युटरवर एकेक चौकोन भरत ती मोर, वेली, कमानी उभ्या करायची आणि तयार फाईल कारखान्याला पाठवून द्यायची. आधी ती तिथल्या ऑफिसात बसायची. अम्मीनं अंथरूण धरलं तेव्हापासून काम घरी आलं. मागच्या वर्षी अम्मी गेली, काम मात्र घरीच राहिलं. आताशा दिवस मावळला तरी तिचा कुणाशी शब्द झालेला नसे.

कंप्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं होतं धाकट्या भावानं, सरफराजनं. रियाधला जाताना तो बजावून गेला होता, "आपा, कधी बंद पडलं तर सुरू करायला रिकव्हरीचा एक पेनड्राइव्ह बनवून ठेव. मशीन चालू आहे तोवरच." ती हो म्हणाली होती, आणि ते राहूनच गेलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी अपडेट चालू असतानाच लाईट गेली. परत आली तेव्हा काळ्या स्क्रीनवर चार पांढऱ्या ओळी उमटल्या आणि मशीन तिथंच अडलं. आत महिनाभर खपून केलेली चादर होती, दुसरीकडे कुठंच न ठेवलेली.

तिनं सरफराजला फोन लावला.

"घाबरू नको," तो म्हणाला. "डिस्क ठीक असणार, नुसतं सुरू होणंच बिघडलंय. लिनक्सची फाईल डाउनलोड करून पेनड्राइव्हवर चढवायची, त्यावरून मशीन चालू करायचं, मग आतलं दुरुस्त होतं. पण त्याला दुसरा चालू कंप्युटर लागेल. कुणाचा तरी लॅपटॉप घे."

"कुणाचा?"

"कुणाचाही, आपा. असेल की कुणीतरी."

फोन ठेवून ती घरं आठवत बसली. ऑफिसातली शबाना लग्न होऊन हैदराबादला गेलेली. अम्मीच्या दुखण्यात बाकीच्यांकडचं जाणं-येणं तुटलं ते तुटलंच. एवढ्या मोठ्या सोलापुरात हक्कानं कडी वाजवावी असं एक घर आपल्याला नाही, हे तिला त्या दुपारी कळलं.

शेवटी पेनड्राइव्ह मुठीत धरून ती खालच्या मजल्यावर बसम्माकडे गेली. इतकी वर्षं शेजार होता, पण समोर आल्यावर हसण्यापलीकडे काही नव्हतं.

"ये की आत! दारात का हुबी?" बसम्मा म्हणाली.

माजिदानं काम सांगितलं तशी बसम्माच्या सुनेनं, धनलक्ष्मीनं, आणखी काही न विचारता लॅपटॉप पुढ्यात ठेवला. नेट संथ होतं. डाउनलोडची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. बसम्मा शेंगा फोडत सुनेशी कानडीत बोले, मध्येच वळून माजिदाशी मराठीत. चहा आला. सोललेले दाणे बसम्मानं तिच्या हातावर ठेवले.

"तुजी आई गेली तवा आलतो आमी. तू काई बोललीच न्हाईस."

"तेव्हा काही सुचतच नव्हतं."

"व्हय, कसं सुचंल."

पट्टी तिथंच अडकावी असं माजिदाला वाटून गेलं. पण फाईल उतरली.

"पेनड्राइव्हमधलं सगळं पुसलं जाईल म्हणतंय. चालेल?" धनलक्ष्मीनं विचारलं.

"चालेल. रिकामाच आहे."

वर येऊन तिनं पेनड्राइव्ह लावला, मशीन त्यावरून सुरू केलं. स्क्रीन उजळली. डिस्क उघडली, तर चादर जशीच्या तशी होती. आधी तिची कॉपी काढली, मग सरफराजनं लिहून पाठवलं होतं तसं एकेक करत गेली. दिवेलागणीला पेनड्राइव्ह काढूनही मशीन आपलं आपण चालू झालं.

"झालं!" ती मोठ्यानं म्हणाली. मग नुसता पंखा ऐकू येत राहिला. सरफराजला मेसेज केला. तो ड्यूटीवर असावा. बऱ्याच वेळानं एक अंगठा आला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात बसम्मा भेटली. बाजाराला निघाली होती.

"झालं का गं तुजं काम?"

"झालं."

"बरं झालं बाई."

आणखी काहीतरी बोलावं म्हणून माजिदा थांबली. पण मागण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि नुसतंच येऊ का, हे तोंडातून निघेना. बसम्मा पिशवी सावरत खाली गेली. तिच्या चपलांचा आवाज गेटपर्यंत येत होता, तोवर माजिदा कठडा धरून उभी होती.