शपथपत्रातला केक क्लास

माझ्या दवाखान्याच्या खुर्चीत बसला की जबलपुरातला हा अख्खा गढा मोहल्ला एकदम सज्जन होतो. "गुटखा खाता?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "नहीं दीदी, कभी नहीं!" दात लाल, जीभ लाल, खिशातून पुडी डोकावते, आणि माणूस आ वासून सांगतो की कालपासून बीट जरा जास्त खाल्लं. पूर्वी माझं डोकं फिरायचं. आता नाही फिरत. या खुर्चीपर्यंत पोचण्याआधी आमच्या घरानं काय काय लपवायचा घाट घातला होता, ते मला चांगलं ठाऊक आहे.

बारावीनंतर प्रवेश परीक्षेत मी अशी आपटले की आईनं निकालाच्या दिवशी मुकाट्यानं खिचडी टाकली. मग बी.एससी.ला नाव घातलं. वर्षाच्या शेवटी केमिस्ट्रीत पन्नासपैकी अकरा मिळाले. कॉलेज सोडलं आणि पुढचं वर्ष घरी बसून पुन्हा त्याच परीक्षेच्या मागे लागले.

बाबा वीज खात्यात बाबू होते. त्यांनी मराठी मंडळात सांगून टाकलं, "पोरगी दोन वर्षं ड्रॉप घेऊन राहिली. डॉक्टरकीची तयारी." म्हणजे बी.एससी.चं वर्ष गायब! हळदीकुंकवात बायका विचारायच्या, "दोन वर्षं घरीच ना गं?" आणि मी तोंडात तिळगूळ कोंबून मान हलवायची. घरी मात्र रोज ताटावर बाबांचं सुरू व्हायचं, "अकरा! मला कोणी सायन्सला घातलं असतं तर दाखवलं असतं. आमच्या नशिबात कॉमर्स." मी वरणात बोट फिरवत ऐकायची.

दुसऱ्या खेपेला डेंटलची सीट लागली. जबलपुरातच, घरून जाता येईल अशी. आई देवासमोर बसून रडली, मी फ्रिजसमोर. कागदपत्रं तपासून घ्यायला फक्त दोन दिवस होते, नाही जमलं तर सीट पुढच्याला. यादीत गॅपचं शपथपत्र होतं, म्हणजे मधली वर्षं कुठे घालवली ते स्टँप पेपरवर लिहून द्यायचं. शिवाय फॉर्ममध्ये रकाना होता, बारावीनंतर जिथे जिथे प्रवेश घेतला त्या सर्व अभ्यासक्रमांचा तपशील. 'सर्व'खाली रेघ मारली होती. मेल्यांनी रेघ कशाला मारावी?

चेरीतालच्या आमच्या घरी बैठक बसली. मामा मुद्दाम आला. मामा सरकारी कागदांतला तज्ज्ञ, फक्त त्याचं स्वतःचं एकही काम आजवर झालेलं नाही.

"काहून सांगायचं?" मामा म्हणाला. "कोण विचारून राहिलं? लिही, दो साल घर पर थी. चलो, खतम."

"अन् टीसी?" मी विचारलं. शाळेची टीसी बी.एससी.च्या कॉलेजात जमा झाली होती, आता हातात होती ती त्या कॉलेजची, वर्षासकट.

मामानं विचार केला. "उंदरानं खाल्ली."

"आपल्याकडे उंदीर नाहीत," आई दुखावून म्हणाली.

"शपथपत्रात आहेत," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाबा मला ओमतीच्या फुटपाथवर बसणाऱ्या टायपिस्टकडे घेऊन गेले. त्याच्याकडे सगळ्या गॅपचा एकच मजकूर तयार, नुसतं नाव बदलायचं. मी स्टुलावर टेकेपर्यंत कागद बाहेर आला होता. 'उक्त अवधि में मैंने कहीं भी प्रवेश नहीं लिया.' बाबांनी पेन पुढे केलं.

मी काही हरिश्चंद्राची नात नव्हे. पण मला दिसलं की तिसऱ्या वर्षी हे उघडकीला येतंय, आणि हातात कोणाची तरी दाढ असताना मला बाहेर काढतायत. मी हात मागे घेतला.

"बाबा, मी नाही करत सही."

"काहून? सगळे करतात."

"खोटं आहे म्हणून. सीट जाईल माझी."

"खरं सांगून नाही जाणार? नापास पोरीला कोण घेईल? अन् मी लोकांना काय सांगू?"

"अकरा सांगा!" मी ओरडले. ओमतीचा तो अख्खा फुटपाथ माझ्याकडे वळला.

टायपिस्ट कीबोर्ड सोडून पुढे सरकला. "कितने में से?"

बाबा रागानं समोरच्या टपरीवर चहा प्यायला निघून गेले. टायपिस्ट मात्र रंगात आला. त्याला रोज तोच मजकूर छापून कंटाळा आला असावा. "लिखना है तो पूरा लिखो, दीदी. सर्व मतलब सर्व. और क्या-क्या किया?" मला आठवलं, घरी बसलेल्या वर्षात मी केक क्लासही लावला होता. त्यानं मोठ्या प्रेमानं टाइप केलं, 'तीन सप्ताह केक बनाना सीखा, ओवन खराब होने से अधूरा रहा.' मी सही ठोकली. बाबा परत आले, कागद वाचला, आणि स्कूटरला जोरात किक मारली.

तपासणीच्या दिवशी रांगेत आमच्या मागे कोण असावं? मंडळाच्या सेक्रेटरी काकू, भाचीला घेऊन आलेल्या. आणि टेबलामागच्या सरांना मोठ्यानं वाचायची सवय! "बी.एससी. प्रथम वर्ष, रसायन में ग्यारह, अनुत्तीर्ण... केक?" अख्खा हॉल हसला. बाबा पंख्याकडे बघत उभे राहिले.

सरांनी टीसी उचलली, कॉलेज जुळवलं, वर्ष जुळवलं, आणि धाडकन शिक्का मारला. "ठीक है. टीसी तो है. सुबह से तीन लोगों की चूहे खा गए."

सीट मिळाली! मला किंचाळावंसं वाटत होतं, पण पालकांचा फॉर्म राहिला होता. बाबा तो तिथेच उभ्यानं भरायला लागले. वडिलांचं शिक्षण या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं. मग डाव्या हाताचा आडोसा करून ते लिहायला लागले. मी त्यांच्या कोपराखालून वाचलं. बी.एससी. प्रथम वर्ष, अनुत्तीर्ण. त्यानंतर बी.कॉम.

"बाबा!"

"सर्व लिहायचं म्हणत होती ना तू?"

"केमिस्ट्री?" त्यांनी मान हलवली. "किती?"

"नऊ."

वर्षभर मान खाली घालून जेवले होते मी. असा संताप आला की फॉर्म फाडावा. पण तेवढ्यात बाबा वळले, काकूंकडे, आपण होऊन.

"वहिनी, पोरगी दोन वर्षं घरी नव्हती. एक वर्ष बी.एससी. केलं तिनं. अकरा मिळाले." ते थांबले, खाकरले. "मला नऊ होते."

"अच्छा," काकू म्हणाल्या. आणि भाचीचे कागद उगाच पुन्हा लावायला लागल्या.

घरी जाताना मी बाबांच्या स्कूटरवर मागे बसून रडले. बाबांना वाटलं, सीट मिळाली म्हणून रडतेय. मी रडत होते ते त्यांच्या नऊ मार्कांसाठी.